भाड्याच्या पुस्तकातली बारा पानं

शनिवार पेठेत एका इमारतीच्या जिन्याखालच्या दोन खोल्यांत एक ग्रंथालय होतं. तिथे कथा-कादंबऱ्या मिळत नसत, फक्त कॉलेजची पुस्तकं मिळत. पुस्तकाच्या किमतीएवढी अनामत भरायची, वर्षाचं भाडं द्यायचं आणि परीक्षा संपली की आठ दिवसांत पुस्तक परत करायचं. पुस्तक धड परत आलं की तीच अनामत पुढच्या वर्षाच्या पुस्तकांसाठी धरली जाई. इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं मी याच एका अनामतीवर काढली होती. तिसऱ्या वर्षीही तेच चालू होतं.

ग्रंथालय चालवणारे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते मात्र अठरा वर्षांच्या पोरालाही 'अहो' म्हणत आणि त्या 'अहो'ची भीती वाटे. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाट्या होत्या. 'पाने मोजून घ्यावीत. नंतरची तक्रार ही कबुली समजली जाईल.' 'खुणा करण्याची आवड असल्यास पुस्तक विकत घ्यावे.' 'पुस्तक दुसऱ्यास देणाऱ्याचे नाव कमी केले जाईल.' आणि दाराशी, 'घाई असलेल्यांनी उद्या यावे.'

तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घ्यायला गेले त्या दिवशी मला घाई होती. येरवड्याची बस चुकली असती. माझे वडील तिथल्या तुरुंगाच्या कचेरीत कारकून होते आणि आम्ही मागच्या बाजूला सरकारी खोल्यांत राहत होतो. काकांनी स्ट्रक्चर्सचं, म्हणजे पूल आणि इमारतींच्या बांधणीचं, जाडजूड पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मोजा."

"मोजली," मी म्हणाले. खरं तर मी अंगठ्याने नुसती फर्रकन पानं उडवली होती.

"अहो, इतक्या वेगात नोटा मोजणारा माणूससुद्धा मी पाहिला नाही," काका म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. मी सही केली.

पुस्तक घरी आलं की आधी बाबांच्या हातात जाई. ते त्याला खाकी कागदाचं कव्हर घालत आणि आईला बजावत, "हे स्वयंपाकघरात न्यायचं नाही. दुसऱ्याचं आहे." बाबांना पुस्तकं भाड्याने आणणं मनातून पटत नव्हतं. शिकणाऱ्याचं पुस्तक त्याच्या घरात राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण सगळी विकत घेणं शक्य नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यामुळे तो विषय आम्ही काढत नव्हतो. मी मात्र वर्षभर त्या पुस्तकांच्या काळजीत असायची. सायकलवरून पुलावरून जाताना पिशवी हँडलला न लावता गळ्यात अडकवायची. वाचताना पाण्याचा तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. मैत्रिणी वाचता वाचता ओळीखाली रेघा ओढत, मी वहीत पृष्ठ क्रमांक आणि ओळ लिहून ठेवायची.

मैत्रिणी म्हटलं, पण तशी एकच होती. आमच्या वर्गात साठेक मुलं आणि दोन मुली. मी एक आणि ती दुसरी. तिचं गाव तेव्हा नुकतंच शहराच्या हद्दीत आलेलं. शेती भरपूर, त्यातली काही जमीन कारखान्याला गेलेली. गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. वर्षाच्या सुरुवातीला तिचे वडील तिला घेऊन बुधवार पेठेत जात आणि यादी दुकानदारासमोर धरून म्हणत, "ह्यातलं समदं द्या." तिची पुस्तकं कोरी करकरीत असत. पहिल्या दिवशी ती एकेक उघडून मला वास घ्यायला लावायची.

पण तिचं इंग्रजी कच्चं होतं. तिला गणित येत होतं, आकृती तर माझ्यापेक्षा चांगली काढायची. पण एकेक परिच्छेद समजून घ्यायला तिला अर्धा अर्धा तास लागे. शिवाय घरून अट होती, नापास झालीस की शिक्षण बंद आणि लग्न. हे ती हसत सांगायची, पण परीक्षा जवळ आली की तिची नखं कुरतडून बोटं लाल झालेली असायची. साठ मुलांत आम्ही दोघीच, त्यामुळे वर्गात बाक एक, डबा एक, प्रॅक्टिकलचा गट एक. एकजण आली नाही तर दुसरीला दिवसभर कोणाशी बोलता येत नसे.

स्ट्रक्चर्सचं ते पुस्तक मात्र तिला मिळालं नव्हतं. परदेशी होतं. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने तिच्या वडिलांना सांगितलं, "बोटीनं येईल तेव्हा येईल." ते वर्षभर आलंच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातली एकुलती एक प्रत कायम कोणाच्या तरी नावावर असे. तेव्हा छायाप्रतींची दुकानं नव्हती. ज्याला हवं त्याने हाताने उतरवून घ्यायचं.

परीक्षेच्या आधी दीड महिना ती मला म्हणाली, "दोन दिवस दे ना. तो पुलांचा धडा तेवढा उतरवून घेते."

भिंतीवरची पाटी माझ्या डोळ्यासमोर आली. तरी मी पुस्तक दिलं. माझ्या अनामतीत न बसणारी बाकी सगळी पुस्तकं मी वर्षभर तिच्याकडूनच वाचायला घेतली होती. एकदा ती मागते आणि मी नाही म्हणायचं, हे मला जमलं नसतं. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तक परत दिलं. कव्हर तसंच होतं. मी उघडून पाहिलं नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मी त्या धड्याकडे वळले. पुलावरून गाडी जाते तेव्हा ती जसजशी पुढे सरकते तसा पुलाच्या एकेका ठिकाणचा ताण कसा बदलतो, ते काढायची रीत त्यात होती. दरवर्षी त्यावर एक मोठा प्रश्न हमखास असे. दुपारची वेळ होती. मी पृष्ठ दोनशे दहा संपवलं आणि समोरच्या पानावर दोनशे पस्तीस आलं.

आधी मला वाटलं, दोन पानं चिकटली असतील. मी बोटाने चाचपडून पाहिलं. मग पुस्तक पूर्ण उघडून शिवणीपाशी बोट फिरवलं, तेव्हा कापलेल्या पानांच्या कडा लागल्या. बारीक, सरळ, एकीवर एक. ब्लेडने कापलेल्या. मी मोजल्या. बारा होत्या.

आईने आतून विचारलं, "चहा टाकू का?" मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. पहिला विचार धड्याचा आला नाही, अनामतीचा आला. ती गेली की पुढच्या वर्षीची पुस्तकं कुठून आणायची? आणि शेवटचं वर्ष पुस्तकांवाचून कसं काढायचं? सही माझी होती. मोजली म्हणून मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

मी स्वतःची समजूत घातली की पानं आधीपासूनच नसतील. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर काकांनी चिकटवलेल्या चिठ्ठीत आधीच्या सभासदाचं नाव होतं. तो आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग हॉलबाहेर मी त्याला गाठलं.

"तुमच्याकडे मागच्या वर्षी स्ट्रक्चर्सचं पुस्तक होतं ना? त्यात पुलांचा धडा होता का?"

"होता का म्हणजे?" तो जरा चिडला. "त्याच धड्यावर पास झालो मी. त्यात ती कागदाच्या पट्टीची युक्ती आहे. गाडीच्या चाकांची वजनं एका पट्टीवर मांडायची आणि पट्टी आकृतीवरून सरकवत न्यायची. जिथे बेरीज सर्वांत मोठी, तिथे उत्तर. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात ते नाही. का? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.

म्हणजे पानं माझ्याच ताब्यात असताना गेली होती. आमच्या घरात त्या पुस्तकाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. आणि पुस्तक घराबाहेर एकदाच गेलं होतं. हा हिशेब करायला दोन मिनिटंही लागली नसती, पण मी तो चार दिवस केला नाही. केला असता तर तिला विचारावं लागलं असतं. आणि विचारल्यावर ती उठून दुसऱ्या बाकावर गेली असती तर?

चार दिवस मी तिच्या शेजारी बसत होते आणि तिचे हात बघत होते. डब्यातला माझा वाटा तसाच राही. ती म्हणाली, "तुला ताप आहे का गं?" तिने माझ्या कपाळाला हात लावला. मी दचकून मागे सरकले.

एकदा घुटमळत मी विचारलं, "पुलांच्या धड्याच्या तुझ्या नोट्स देशील का बघायला?"

"अगं, अर्धवटच राहिल्या," ती वहीत बघत म्हणाली. "काही कामाच्या नाहीत."

पाचव्या दिवशी शेवटचं ट्यूटोरियल होतं. सरांनी फळ्यावर एक पूल काढला, त्यावर चार चाकांची गाडी काढली आणि विचारलं, "कोण सोडवतंय?" कोणी उठेना. मग ती उठली. तीन वर्षांत ती आपणहून फळ्याकडे कधी गेली नव्हती. तिने वहीचा एक कागद फाडला, त्याची लांब पट्टी केली, त्यावर पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि ती पट्टी फळ्यावरच्या आकृतीवरून हळूहळू सरकवत नेली. एका जागी थांबली आणि उत्तर लिहिलं.

सर खूश झाले. "अहो, ही रीत कुठे वाचलीत?"

"पुस्तकात," ती म्हणाली.

मुलांनी बाकं वाजवली. ती जागेवर येऊन बसली, तिचे गाल लाल झाले होते. आणि मी पुढे बघत बसले होते. पुस्तक कापलेलं दिसलं तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली, कारण आता मला नक्की कळलं होतं आणि न कळल्याचं सोंग करता येणार नव्हतं.

तास सुटल्यावर सायकल स्टँडपाशी मी तिला थांबवलं.

"ती पानं तुझ्याकडे आहेत."

"कसली पानं?"

"दोनशे अकरा ते दोनशे चौतीस."

ती सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवून उभी राहिली. मग एकदम बोलायला लागली. घाबरली की तिची भाषा गावाकडे वळायची. "मी लिवत बसले होते गं. पहिल्या दिवशी सांजपत्तुर दोन पानं झाली. दोन! एकेक शब्द डिक्शनरीत बघायचा, मग लिवायचा. तू दुसऱ्या दिवशी मागणार. मला काय सुधरंना."

"म्हणून कापलीस?"

"परीक्षा झाली की परत चिकटवणार होते."

"पुस्तक माझ्याकडे आहे. चिकटवणार कशी होतीस?"

तिने घंटीवरचा अंगठा काढला. "येवढं काय करतीस? तुझं थोडंच हाय ते? भाड्याचं हाय."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी म्हणाले, "तुझं असतं तर तू कापलं नसतंस." आणि सायकल काढून निघाले. एवढं बोलायची मला सवय नव्हती आणि तिला ऐकायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाकावर माझ्या जागी एक मोठं पाकीट ठेवलेलं होतं. ती तिच्या जागेवर होती, मान खाली. आत बारा पानं होती. पण ती आता स्वच्छ नव्हती. ओळीओळीखाली लाल शाई होती आणि इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी अर्थ लिहिले होते. एकही ओळ सुटली नव्हती. मी पानं बघत राहिले. रागाच्या मधेच मला हेही दिसत होतं की हिने किती दिवस घालवले असतील.

घरी बाबांपासून हे लपणार नव्हतं, कारण पानं चिकटवायची कशी ते त्यांनाच माहीत होतं. कचेरीतल्या फाटक्या रजिस्टरांची डागडुजी तेच करत. मी सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी दाराशी उभी होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी आईकडून गव्हाच्या पिठाची खळ करून घेतली, पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि रविवारी सकाळपासून एकेक पान त्याच्या कडेला जोडत बसले. प्रत्येक पान जोडल्यावर वर पाटा ठेवायचा, वाळू द्यायचं, मग पुढचं. मी शेजारी बसून पट्ट्या देत होते.

सहावं पान जोडताना ते म्हणाले, "ग्रंथालयात सांगायचं आहे, हे तर नक्की ना?"

"हो."

"आज की परीक्षेनंतर?"

"आज सांगितलं तर पुस्तक ठेवून घेतील, बाबा."

"घेतील," ते म्हणाले. "कधी सांगायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही."

त्यांनी 'उद्याच्या उद्या जा' असं दरडावलं असतं तर बरं झालं असतं. मी गेले असते, रडले असते, सुटले असते. आता ठरवणं माझ्याकडे आलं. आणि मी ठरवलं ते काही फार शूरपणाचं नव्हतं. मी परीक्षा होईपर्यंत गप्प बसले. बाबा रोज कामावरून आले की पुस्तकाकडे एकदा बघत आणि मग हातपाय धुवायला जात. विचारलं त्यांनी एकदाही नाही.

ते दोन आठवडे मी कसे काढले, मलाच ठाऊक. मी बारा पानं तिच्या लाल रेघांसकट वाचली. तिने लिहिलेल्या अर्थांनी धडा सोपा झाला होता, हे कबूल करायला मला जड जात होतं. दोनदा काका स्वप्नात आले. एकदा तर मी बुधवार पेठेत त्यांना समोरून येताना पाहिलं आणि भांड्यांच्या दुकानात शिरले. दुकानदाराने विचारलं, "काय दाखवू?" मी म्हणाले, "चाळण." आणि नको असलेली चाळण घेऊन बाहेर पडले.

वर्गात आम्ही एकाच बाकावर बसत होतो आणि फक्त लागेल तेवढंच बोलत होतो. पट्टी दे. खोडरबर घे. डबे वेगळे झाले होते.

परीक्षेत त्या धड्यावर प्रश्न आला. मी सोडवला. बाहेर पडताना तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिनेही सोडवला होता.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शनिवार पेठेत गेले. आठ दिवस होते, पण आणखी एक दिवस ते ओझं बाळगायची माझ्यात ताकद नव्हती. गल्लीच्या तोंडाशी ती उभी होती. गावाहून पहिली एसटी पकडून आली होती. पदराच्या टोकाने घाम पुसत म्हणाली, "मी पण येते आत."

"तू कशाला? ते तुला ओळखत पण नाहीत."

"तरी येते."

काकांनी पुस्तक घेतलं, कव्हर काढलं आणि मोजायला सुरुवात केली. ते जिभेला बोट लावत नसत, त्यांच्याकडे ओला स्पंज होता. पान, पान, पान. दोनशे अकरावर ते थांबले.

"हे काम कोणाचं?"

"माझ्या वडिलांनी चिकटवली," मी म्हणाले.

"चिकटवल्याचं विचारत नाही. काम उत्तम आहे. कापल्याचं विचारतोय."

मी बोलायला तोंड उघडलं, पण तीच पुढे झाली. "मी कापली. हिनं मला दोन दिवस वाचायला दिलं होतं."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे एकीने नियम मोडला आणि दुसरीने पुस्तक. वाटणी छान केलीत."

मग ते पान डोळ्यांजवळ नेऊन लाल अक्षरं वाचायला लागले. एक पान, दुसरं पान. "हे मराठी कोणाचं?"

"माझंच," ती पुटपुटली.

"मूव्हिंग लोडला आपण 'चालतं ओझं' लिहिलंय."

"चुकलं का?"

"नाही. बरोबर आहे. इथे मात्र 'सपोर्ट'ला 'आधार' हवं, आपण 'मदत' लिहिलंय. पुलाला मदत काय करायची?" त्यांनी पुस्तक मिटलं. क्षणभर मला वाटलं, आता ते सोडून देतील. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझं पान काढलं आणि पट्टी ठेवून माझ्या नावावर सरळ रेघ मारली. "अनामत जप्त. सभासदत्व रद्द. पुस्तक आपलं झालं, घेऊन जा."

"काका, शेवटचं वर्ष आहे हो माझं," मी म्हणाले.

"दरवर्षी कोणाचं तरी शेवटचं वर्ष असतं," ते म्हणाले. "आता सांगा, परीक्षा होईपर्यंत थांबलात ना?"

मी मान हलवली.

"मी तुमच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो. पण मी तुमच्या जागी नाही." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि आमच्या मागच्या माणसाला म्हणाले, "या. घाई नाही ना?"

बाहेर आल्यावर तिने पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढले. माझ्या अनामतीएवढे. घरून काय सांगून आणले होते, मी विचारलं नाही. घेऊ नयेत, असं मला वाटत होतं. पण मी घेतले. नको म्हणण्याइतकी मी मोठी नव्हते, आणि घरी बाबांना रिकाम्या हाताने काय सांगणार होते? ती म्हणाली, "चुकलं माझं." मी म्हणाले, "हो." ती स्वारगेटची बस पकडायला गेली.

निकालात दोघी पास झालो. ती काठावर, पण पास.

शेवटच्या वर्षाला पुस्तकांचा प्रश्न तसाच होता. पैसे हातात होते, पण भाड्याने देणारं ते एकच ठिकाण मला माहीत होतं आणि तिथे माझ्या नावावर रेघ होती. त्या पैशांत विकत घेतली तर तीनच पुस्तकं येत होती. पहिल्या आठवड्यात तीच बोलली. "तीन तू घे, तीन मी घेते. दोघींची सहा होतील. आठवड्याला बदलायची."

मी लगेच हो म्हणाले नाही. दोन दिवस विचार केला. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ती तुझ्याबरोबर आत आली होती की नाही?" आली होती, मी म्हणाले. त्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आईने मात्र सांगितलं, "घे, पण डोळे उघडे ठेव."

मी आईचं ऐकलं, जरा जास्तच. दर सोमवारी पुस्तक हातात आलं की मी पानं मोजायची. पहिल्या एकदोन वेळा तिच्या समोरच मोजली. मग लाज वाटायला लागली म्हणून घरी जाऊन मोजायची. मी स्वतःला सांगायची, आता बास. आणि तरी पाटावर बसून मोजायची. सगळी असायची. पण मोजल्याशिवाय वाचायला मन लागायचं नाही. ती माझी पुस्तकं न्यायची तेव्हा तर मी आठवडाभर सोमवारची वाट बघायची. तिच्या लक्षात आलं असणार, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा ती सकाळी वर्गात आली, माझं सिंचनाचं पुस्तक बाकावर ठेवलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "चारशे अठ्ठ्याऐंशी. आणि नकाशाची दोन घडीची. मोजून आणलीत."

मी पुस्तक पिशवीत टाकलं. मग मी म्हणाले, "डब्यात काय आहे?"

"भाकरी अन् वांगं."

"दे."

त्या दुपारी आम्ही सात महिन्यांनी एका डब्यात जेवलो. मोजणं मात्र माझं लगेच सुटलं नाही. वर्ष संपेपर्यंत मी अधूनमधून मोजत होते.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तिच्या वडिलांनी आम्हाला तिघांनाही जेवायला बोलावलं. आई-बाबा पहिल्यांदाच त्या गावाला गेले. अंगणात पंगत होती, गावातली माणसं होती. तिचे वडील उंच, पांढऱ्या फेट्यातले. ते माझ्या पानापाशी आले आणि म्हणाले, "पोरी, आमच्या लेकीनं तुझं पुस्तक कापलं व्हतं म्हणं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. बाबांनीही मान वर केली. तिने घरी सांगितलं असेल, अशी मला कल्पनाच नव्हती.

"तिनं मला सांगितलं असतं, तर म्या अख्खं दुकान उचलून आणलं असतं की," ते म्हणाले. "पैशाची का कमी हाय?"

"काका, ते दुकानात मिळतच नव्हतं," मी म्हणाले.

त्यांना ते काही पटेना. पैसे देऊनही न मिळणारी वस्तू त्यांनी फारशी पाहिली नसावी. "न्हाई कसं मिळत?" ते बाबांकडे वळून विचारायला लागले. बाबा त्यांना बोटीने येणाऱ्या पुस्तकांबद्दल समजावून सांगू लागले. ती पोळ्यांची परात घेऊन मागून आली आणि म्हणाली, "आबा, जेवू द्या की त्यांना." आणि तिने न विचारता माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.